कोठीतली प्रार्थना

प्रार्थना कुणी शिकवावी लागत नाही, ती आपोआप ओठांवर येते, असे आपण पुष्कळदा म्हणतो. तापाने फणफणलेले मूल मांडीवर असले म्हणजे देव न मानणारा माणूसही कुणाला तरी हाक मारतो, हे खरेच आहे. पण लूकच्या शुभवर्तमानात एक लहानसा प्रसंग आहे, तो वाचला की हे म्हणणे इतके सरळ राहत नाही. येशू एके ठिकाणी प्रार्थना करीत होता. ती आटोपल्यावर शिष्यांपैकी एकाने त्याला विनवले, की आम्हांला प्रार्थना करायला शिकवा. आता हे शिष्य काही नवखे नव्हते. यहुदी घरांत वाढलेली ती माणसे. स्तोत्रे त्यांना पाठ होती, सणवार ठाऊक होते, प्रार्थनेच्या वेळा लहानपणापासून अंगवळणी पडलेल्या होत्या. आणि तरी त्यांना वाटले, की समोरचा हा माणूस जे करतो आहे ते आपल्याला येत नाही. काय येत नव्हते त्यांना? या प्रश्नाभोवती मी आयुष्याची बरीच वर्षे घुटमळत आले आहे.

निमित्त झाले ते माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे. शिक्षण, नोकरी, संसार सगळे व्यवस्थित. रविवारी उपासनेला नेमाने जाणारी. मध्यंतरी भेटायला आली तेव्हा चहाचा कप खाली ठेवीत म्हणाली, "बाई, देवळात सगळ्यांबरोबर प्रार्थना करता येते. पण एकटी बसले की काय बोलायचे तेच कळत नाही. स्वतःशीच बडबडल्यासारखे वाटते. तुम्ही कशी करता?" प्रश्न इतका सरळ होता, की पोथीतले उत्तर देऊन तिची बोळवण करणे मला बरे वाटेना. तिला त्या दिवशी जे तुटक तुटक सांगितले, ते इथे जरा सविस्तर मांडते. वाचकांपैकी बहुतेकांच्या घरी देवघर असेल, दिवाळीच्या पणत्या लागल्या असतील. माझ्या घरच्या गोष्टी त्यांना थोड्या वेगळ्या वाटतील, पण अगदी परक्या वाटणार नाहीत अशी माझी समजूत आहे.

आमचे घर नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातले. (२०२४ पासून नगरचे नाव अहिल्यानगर झाले आहे, पण माझ्या तोंडात अजून नगरच बसले आहे.) वडील मिशनच्या शाळेत मास्तर. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ मध्ये नगरला आले; त्यांच्या शाळांतून आणि देवळांतून जी मराठी ख्रिस्ती घराणी उभी राहिली, त्यांतलेच आमचे एक. शेजारच्या वाड्यात देवघर होते. तिथल्या काकू सकाळी आंघोळ करून ओलेत्याने फुले तोडायच्या, गंध उगाळायच्या, समई लावायच्या, घंटा वाजवायच्या. त्यांच्या हातांना पाऊण तास काम असे. आमच्याकडे यांतले काहीच नव्हते. भिंतीवर एक दिनदर्शिका आणि कोनाड्यात कापडात गुंडाळलेले पवित्र शास्त्र, एवढाच आमचा थाट. प्रॉटेस्टंट घरातला देव हातांना काही करू देत नाही, सगळा भार मनावर आणि जिभेवर टाकतो. कॅथॉलिक मैत्रिणींच्या हातात निदान जपमाळ असते. हा फरक मला लहानपणी नुसता चमत्कारिक वाटे. पुढे कळले, की एकट्याने प्रार्थनेला बसणे आम्हांला जड जाते त्याचे एक कारण हेही आहे. मोकळे हात मनाला बसू देत नाहीत.

रात्री भाकरी खाऊन झाली की घोंगडी अंथरायची, कंदिलाची वात वर करायची, आणि सगळ्यांनी गोल बसायचे. एक गीत, बहुधा टिळकांचे. मग शास्त्रातला एक उतारा. मग वडिलांची प्रार्थना. ती लांबलचक असे. गावात कोण आजारी आहे, कुणाची म्हैस व्यायची आहे, पाऊस कुठे अडला आहे, दिल्लीच्या सरकारला सुबुद्धी कशी मिळावी, असे करीत करीत ती आमच्यावर यायची. आणि मग "हिचे गणितात चित्त लागो" हे वाक्य चारचौघांत ऐकावे लागायचे. मी एक डोळा किलकिला करून धाकट्या भावाकडे बघत असे. तोही माझ्याकडे बघत हसू दाबत असे.

पण त्याच प्रार्थनेत आणखी एक नाव रोज येई. आमच्या वडिलोपार्जित चार एकरांच्या बांधाशेजारी ज्याचे शेत होते, तो गृहस्थ दरसाल नांगरटीच्या वेळी बांध हात-दीड हात आमच्या बाजूला सरकवीत असे. शेवटी प्रकरण तालुक्याच्या कोर्टात गेले. आणि वडील रोज रात्री त्या माणसाचे नाव घेऊन त्याच्या बायकामुलांचे बरे मागत. आईच्या कपाळावर आठी पडे. आम्हां मुलांना तर संतापच येई. ज्याने आमची जमीन खाल्ली त्याच्यासाठी कसली प्रार्थना! वैऱ्यांसाठी प्रार्थना करा असे येशूने डोंगरावरच्या प्रवचनात सांगितले आहे हे आम्हांला पाठ होते, पण त्या वैऱ्याला नाव असते, त्याची मुले आपल्याच शाळेत येतात, हे कुणी सांगितले नव्हते. खटल्यात एक दिवस असा आला, की साक्षीत थोडे इकडचे तिकडे केले असते तर निकाल आमच्या बाजूने लागण्याचा संभव होता. वकिलांनी तसे सुचविलेही. वडील तालुक्याहून परत आले ते तसे न बोलताच. आईने विचारले तेव्हा म्हणाले, "रात्री ज्याचे नाव घेतो, त्याच्याबद्दल दिवसा खोटे कसे बोलू?" जमिनीची ती पट्टी गेली ती गेलीच.

प्रार्थनेने काय होते, असे मला कुणी विचारले तर मी ही पट्टी दाखवीन. देवाने आमच्या बाजूने निकाल दिला नाही. शेजाऱ्याचे हृदयपरिवर्तन वगैरेही झाले नाही. तो शेवटपर्यंत तसाच राहिला. बदल झाला असेल तर एवढाच, की एका माणसाला खोटे बोलणे अवघड होऊन बसले.

आता या घरगुती उपासनेचा एक तोटाही होता. सगळे बसले आहेत, एकजण बोलतो आहे, बाकीचे शेवटी "आमेन" म्हणतात. यात स्वतः काहीच न बोलता वर्षे निघून जाऊ शकतात. मला वाटते, शिष्यांचीही अडचण हीच असावी. त्यांना सर्वांची प्रार्थना येत होती. डोंगरावर पहाटे अंधारात एकटा निघून जाणारा हा गुरू तिथे काय बोलतो, हे त्यांना हवे होते.

येशूने या बाबतीत एक सूचना दिलेली आहे, ती मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येते: चव्हाट्यावर उभे राहून प्रार्थना करू नका, आपल्या खोलीत जा, दार लावून घ्या. आता खोली म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पलंग, टेबल, खिडकीचा पडदा असे चित्र येते. पण गालीलातल्या गरिबाच्या घरात कसल्या आल्या खोल्या? तिथे मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे तो 'तामेइओन', आणि त्याचा अर्थ धान्य-सामान ठेवण्याची आतली जागा, म्हणजे आपली कोठीची खोली. हे वाचले तेव्हा मला मोठी गंमत वाटली. आमच्या घरातही दार असलेली खोली ती एकच होती. कणग्या, गुळाची ढेप, तेलाचा डबा, उंदरांची ये-जा, आणि बाजरीचा तो कोंदट वास. देवाला भेटायला तिथे जा, असे येशू म्हणतो. शुचिर्भूत जागा शोधा असे म्हणत नाही. जिथे कुणी बघणार नाही तिथे जा, एवढेच म्हणतो.

आणि कोठीही नसेल तर? अठराव्या शतकात इंग्लंडातल्या एका धर्मोपदेशकाच्या घरात सुसाना वेस्ली नावाची बाई होती. मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली याची ती आई. मुलाबाळांनी घर भरलेले, आणि पैशाची कायमची ओढगस्त. ती स्वयंपाकघरात बसून कमरेचा एप्रन डोक्यावरून ओढून घेई आणि मुले समजत, की आता आईशी बोलायचे नाही, असे सांगतात. आपल्याकडच्या बायांना हे समजावून सांगायला नको. पदर पुढे ओढला की झाली कोठी.

जागा मिळाली, पुढचा प्रश्न बोलायचे काय. आम्हां प्रॉटेस्टंट मंडळींत एक समजूत पक्की आहे, की छापील प्रार्थना म्हणणे म्हणजे पोपटपंची, आणि खरी प्रार्थना ती जी स्वतःच्या शब्दांत उत्स्फूर्तपणे निघते. ऐकायला हे फार चांगले. पण एकट्याने बसून बघावे. माझे स्वतःचे शब्द चार मिनिटांत संपत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच चार मिनिटांचे शब्द त्याच क्रमाने येत. उत्स्फूर्तही एक छापीलच होऊन बसते, फक्त त्याचा मजकूर जरा हलका असतो. इंग्लंडच्या चर्चने १५४९ मध्ये सामान्य प्रार्थनेचे पुस्तक काढले, त्यात शतकानुशतके घासून गुळगुळीत झालेली वाक्ये आहेत. ती आपल्या मनाजोगती असतीलच असे नाही, पण आपण कधी मागितले नसते असे काही ती आपल्याला मागायला लावतात. परक्या शब्दांचा हाच उपयोग.

आमच्यापुरते हे काम नारायण वामन टिळकांनी केले. १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबईला बाप्तिस्मा घेतला. तोवर मराठी ख्रिस्ती माणूस बव्हंशी विलायती चालींवर भाषांतरित गीते म्हणत होता. त्यांतले कित्येक शब्द चालीत बसविताना हातपाय मोडून घेतलेले. टिळकांनी अभंग दिला, भजन दिले. तुकोबाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे ते सांगत, आणि ख्रिस्ताला माउली म्हणायला त्यांना मुळीच संकोच वाटला नाही. लक्ष्मीबाईंनी १९०० साली बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यामागून पाच वर्षांनी, आणि नवऱ्याच्या भिडेखातर तर नव्हेच. ही पाच वर्षे मला फार मोलाची वाटतात. 'स्मृतिचित्रे' वाचताना सारखे जाणवते, की ही बाई दुसऱ्याच्या श्रद्धेवर आपला संसार थाटणारी नाही. शब्द उसने घ्यावेत, पण सही आपली करावी, तसे काहीसे.

उसन्या शब्दांचा वापर कसा करावा याचा मला ठाऊक असलेला सर्वांत मजेदार धडा एका न्हाव्यासाठी लिहिलेला आहे. विटेनबर्गचा पेटर हा मार्टिन ल्यूथरचा न्हावी. त्याने ल्यूथरला विचारले, की प्रार्थना कशी करू? ल्यूथरने १५३५ साली त्याच्यासाठी एक छोटे पुस्तकच लिहून काढले. त्यात म्हटले आहे, की प्रभूच्या प्रार्थनेतली एकेक मागणी घे, तिच्यावर थांब. दहा आज्ञांतली एकेक घे. तिच्यातून शिकण्यासारखे काय, उपकार कशाबद्दल मानायचे, कबूल काय करायचे, मागायचे काय, असे चार पदर वळून त्याची माळ कर. आणि मध्येच मन भरून आले, काही आपले आपण सुचू लागले, तर ठरलेले सगळे सोडून दे आणि ऐकत राहा. चित्त एकाग्र ठेवण्याबद्दल लिहिताना तो न्हाव्याला न्हाव्याचाच दाखला देतो: चांगला न्हावी नजर वस्तऱ्यावर ठेवतो, गप्पा मारीत इकडे तिकडे बघू लागला तर गिऱ्हाइकाचे नाक तरी जायचे नाही तर गळा. या पेटरची पुढची हकिगत मात्र वाईट आहे. त्याच वर्षी जेवणाच्या बैठकीत त्याच्या हातून स्वतःच्या जावयाचा खून झाला. ल्यूथर आणि इतरांनी रदबदली केली म्हणून त्याचा जीव वाचला. त्याला हद्दपार व्हावे लागले. पुस्तक मात्र पुढे छापले जातच राहिले. प्रार्थना शिकला म्हणजे माणूस सुरक्षित झाला असे समजणाऱ्यांनी हा न्हावी लक्षात ठेवलेला बरा.

मी माझ्या विद्यार्थिनीला हीच वाट सांगितली: प्रभूच्या प्रार्थनेपासून सुरुवात कर, आणि घाई करू नको. ती प्रार्थना आपल्याला इतकी पाठ असते, की तिच्यातले शब्द दिसेनासे होतात. मराठीत तर तिच्यात दोन-तीन जागा अशा आहेत, की तिथे थांबावेच लागते. पहिली जागा 'आमच्या' या शब्दाची. खोलीचे दार लावून एकटे बसायचे, आणि तोंड उघडायचे ते 'माझ्या' पित्याला हाक मारायला नव्हे. कोठीत मी एकटी असले तरी बोलते ती अनेकांच्या वतीने. त्यांत बांधाशेजारचा तो गृहस्थही आला. इंग्रजीत 'आम्ही' आणि 'आपण' यांना एकच शब्द आहे. मराठीत दोन आहेत, आणि या प्रार्थनेत भाषांतरकारांना 'आम्ही' घ्यावे लागले, कारण ज्याच्याशी बोलायचे तो त्यात मोडत नाही. तो पलीकडे आहे, आम्ही सगळे अलीकडे. दुसरी जागा 'तू'ची. आमच्या पिढीत वडिलांना कुणी अरेतुरे केले असते तर थोबाडीत बसली असती. आईला मात्र 'तू'. देवाला पिता म्हणायचे आणि आईसारखे 'तू' म्हणायचे, हा व्याकरणाचा घोटाळा मला फार आवडतो. विठोबाला माउली म्हणणाऱ्या भाषेतच तो इतक्या सहज खपून जात असेल.

तिसरी जागा रोजच्या भाकरीची. 'रोजची' असे ज्याचे भाषांतर करतात तो ग्रीक शब्द 'एपिऊसिओस'. या प्रार्थनेबाहेर जुन्या ग्रीक वाङ्मयात तो जवळजवळ सापडतच नाही, म्हणून पंडितांचे त्याच्यावर अजून एकमत नाही. आजची, उद्याची, की जगायला पुरेशी? चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोमने लॅटिन भाषांतर केले, तेव्हा त्याने एका शुभवर्तमानात 'रोजची' म्हटले आणि दुसऱ्यात 'सर्व पदार्थांपलीकडची' असे काहीतरी गूढ म्हटले. आमच्या भाषांतरकारांनी भाकर म्हटले, हे त्यांचे उपकार. दुष्काळी मुलखात भाकर म्हणजे काय हे सांगावे लागत नाही, आणि ती उद्यासाठी करून ठेवली तर वातड होते हेही.

हे सगळे करूनही पुष्कळ दिवस असे जातात, की काही वाटत नाही. माझ्या विद्यार्थिनीची खरी तक्रार हीच होती, आणि इथेच बहुतेक लोक सोडून देतात. मला वाटते, प्रार्थनेचे माप भावनेने घ्यायचे ठरवले की सगळे बिघडते. स्पेनमधली अविलाची तेरेसा ही प्रार्थनेची महान आचार्या मानली जाते. तिने आपल्या आत्मचरित्रात सरळ लिहून ठेवले आहे, की कित्येक वर्षे आपले कान प्रार्थनेचा तास संपल्याचे टोले केव्हा पडतात याकडेच लागलेले असत. कलकत्त्याच्या मदर तेरेसांची खासगी पत्रे त्यांच्या मृत्यूनंतर, २००७ साली, प्रसिद्ध झाली, तेव्हा जगाला कळले, की काम सुरू झाल्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षे, मधला थोडा काळ सोडला तर, त्यांना आतून देवाचा स्पर्श असा जाणवलाच नव्हता. त्यावर काहींनी त्यांना दांभिक ठरवले. मला तसे म्हणवत नाही. पन्नास वर्षे रोज पहाटे उठून, जिथून उत्तर येत नाही तिथे जाऊन बसणे हा दंभ असेल, तर असा दंभ कुणाला परवडतो?

कुणी म्हणेल, एवढा वेळ कुणाला आहे? पॅरिसच्या कार्मेलाइट मठात सतराव्या शतकात लॉरेन्स नावाचा एक साधा बंधू होता. त्याला स्वयंपाकघराचा मनापासून कंटाळा, आणि नेमके तेच काम त्याच्या वाट्याला आले. वर्षानुवर्षे भांडी आणि चुली यांच्यात राहून त्याला असे साधले, की प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ यांत अंतरच उरले नाही. त्याचे हे बोल हल्ली फार लोकप्रिय आहेत. मोबाइलवर सुविचार म्हणून सकाळी येऊन पडतात. पण ती स्थिती येण्याआधी दहा-एक वर्षे आपण मनाच्या यातनेत काढली असेही तो सांगतो, तो भाग कुणी पाठवीत नाही. आपल्या जनाबाईबरोबर विठोबा दळायला बसला, ते आपण कौतुकाने सांगतो. पण पहाटे उठून जात्याशी बसायचे तिने कधी सोडले नाही, म्हणून तो तिला तिथे सापडला. मी म्हणते, आधी ठरलेली वेळ पाळावी. दहा मिनिटे पुरेत. चुलीपाशी देव भेटण्याची गोष्ट मागून.

आता सर्वांत अवघड ते. मागायचे की नाही?

पुष्कळ विचारवंत मंडळी सांगतात, की मागणे ही प्रार्थनेची बाल्यावस्था. प्रौढ माणूस काही मागत नाही, नुसता ध्यानात बसतो. माझे तसे मत नाही. गेथशेमाने बागेत येशूने मागितले. मरण टळावे म्हणून मागितले, एकदाच नव्हे, तीनदा. आणि मग निर्णय पित्यावर सोडला. सोडण्याला किंमत आली ती आधी मागितले म्हणून. ज्याने काही मागितलेच नाही त्याने काय सोडले?

माझा धाकटा भाऊ, तोच जो प्रार्थनेत हसू दाबायचा, छत्तिसाव्या वर्षी काविळीचे निमित्त होऊन गेला. अकरा आठवडे तो अंथरुणावर होता. आम्ही मागितले. वडील तेव्हा हयात होते; त्यांनी मागितले, मंडळीने मागितले, मी इस्पितळाच्या जिन्यात बसून मागितले, शेजारच्या वाड्यातल्या काकूंनी सोमवार धरले. तो गेला. त्यानंतर कितीतरी महिने प्रभूची प्रार्थना म्हणताना देवाच्या इच्छेचे वाक्य आले, की माझी जीभ टाळ्याला चिकटे. देवळात सगळे म्हणत, मी तेवढ्यापुरती गप्प राही.

त्या दिवसांत माझ्या कामी आले ते अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र. दीडशे स्तोत्रांत विलापाची स्तोत्रे पुष्कळ आहेत, पण बहुतेकांना शेवटी वळण मिळते, आभाराची ओळ येते. याला ती नाही. हे अंधारात सुरू होते आणि अंधार या शब्दावरच संपते. ज्यांनी स्तोत्रांचा संग्रह केला त्यांना ते वगळता आले असते. त्यांनी वगळले नाही. देवाशी असे बोलण्याला परवानगी आहे, इतकेच मला त्यातून कळले, आणि त्या वेळी तेवढे पुरले. विठोबाशी भांडणाऱ्या आपल्या संतांना हे निराळे सांगायला नको. भांडायला समोर कुणीतरी आहे, हे भांडणाऱ्याने धरलेलेच असते.

पंडिता रमाबाईंची मला तेव्हा वारंवार आठवण येई. त्यांच्या केडगावच्या मुक्तिसदनात १९०५ साली शेकडो मुली एकाच वेळी मोठमोठ्याने प्रार्थना करू लागल्या होत्या. ती लाट दूरवर गाजली. पण मला दिसतात त्या १९२१ नंतरच्या रमाबाई. त्या साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून शास्त्राचे मराठी भाषांतर करीत होत्या. ते काम त्यांनी थांबवले नाही. पुरे केले, आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये त्याही गेल्या. त्या महिन्यांत त्या एकांतात काय बोलल्या असतील? दार लावलेले होते. ते आपल्याला कळण्याचे कारण नाही.

राहता राहिला माझ्या विद्यार्थिनीचा मूळ संशय: हे सगळे स्वतःशीच बोलणे तर नव्हे? मला ते खोडून काढता येत नाही, आणि कुणी युक्तिवादाने खोडून काढले तर माझा त्यावर फारसा विश्वासही बसणार नाही. फक्त माझा अनुभव सांगते. मी स्वतःशी बोलते तेव्हा बहुधा माझेच बरोबर ठरते. सगळे वाद मी जिंकते, सगळे अपमान पुन्हा घडतात आणि या खेपेस मला चोख उत्तर सुचते. प्रार्थनेला बसले की असे चालत नाही. ज्याचे नाव नको असते तेच पुढे येते. ते कुठून येते हे ज्याने त्याने ठरवावे.

नावांवरून आठवले. आईची एक वही होती, दोरीने शिवलेली. तिच्यात ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांची नावे आणि पुढे तारीख. काम झाले, दुखणे बरे झाले, की नावापुढे एक फुली. आईमागून ती वही माझ्याकडे आली. तिच्यात माझ्या भावाचे नाव आहे, तारीख आहे, आणि पुढची जागा कोरी आहे. आमच्या पंथात मृतांसाठी प्रार्थना करीत नाहीत. ते देवाच्या हातात आहेत, आता आपण काय मागायचे, असे आमचे पाळक सांगतात, आणि तर्काला ते पटते. वसईची माझी एक मैत्रीण कॅथॉलिक आहे. दोन नोव्हेंबरला त्यांच्याकडे मृतांचा स्मरणदिन असतो, कबरींवर मेणबत्त्या लावतात, नावे घेऊन मिस्सा होतो. तिला हा प्रश्नच पडत नाही. ती म्हणते, "अगं, इतकी वर्षं रोज घेतलेलं नाव, एका दिवसात घ्यायचं कसं सोडणार?"

मी सोडलेले नाही. वहीत पान उलटताना ते नाव आले की मी ते वाचते. मागत काही नाही. थोडी थांबते, आणि पुढच्या नावाकडे जाते. ते सध्या आमच्या गल्लीतल्या भाजीवालीच्या मुलीचे आहे. तिची नर्सिंगची परीक्षा डिसेंबरात आहे.